मापात न बसलेली सायकल

अमरावतीच्या एका मोठ्या दवाखान्यात अफसाना सिस्टर होती, आणि बरीच वर्षं तिची ड्युटी विषबाधेच्या वॉर्डात लागत आली होती. पावसाळा लागला की सर्पदंशाचे पेशंट यायचे, कपाशी वाढली की औषधाचे. वऱ्हाडात पिकावर मारायच्या विषाला औषधच म्हणतात. कुणी ते प्यायलेलं असे, कुणाला फवारताना लागलेलं असे. त्या औषधाचा उग्र वास अफसानाच्या केसांत बसायचा. घरी येऊन दोनदा न्हाली तरी जायचा नाही. सासू काही बोलत नसे, पण जेवायला बसताना थोडी सरकून बसे.

त्या वासावर उपाय म्हणून ती पहाटे पळायला लागली. पळताना जोरजोरात श्वास घ्यावा लागतो, त्याने डोकं साफ होतं असं तिचं म्हणणं. मग तलावावर बायकांची वेगळी बॅच निघाली तेव्हा ती पस्तिशीत पोहायला शिकली. मग गिअरची साधी सायकल आली. एका हिवाळ्यात पाच-सहा जणांबरोबर ती चिखलदऱ्याचा घाट चढून गेली आणि वर पोचल्यावर घाटाच्या कठड्याशी बसून खूप रडली. सोबतच्यांना वाटलं, दमली. तिला स्वतःलाही नीट सांगता आलं नसतं. त्याच आठवड्यात वॉर्डात एका सासरा-सुनेच्या खाटा शेजारी शेजारी होत्या, आणि दोन्ही रिकाम्या झाल्या होत्या.

तिचा नवरा फारुख गाद्या-रजया भरायचा. दुकानात गिऱ्हाइकाशी वऱ्हाडी, घरात उर्दू, आणि बायकोच्या नादाबद्दल दोन्हीत कुरकुर. पण ती पहाटे निघाली की दाराची कडी तोच काढून द्यायचा.

सतराच्या साली अफसानाने मनात घेतलं की येत्या जानेवारीत नागपूरकडे ट्रायथलॉन आहे, त्यात उतरायचं. आधी तलावात पोहायचं, ओल्या अंगानेच सायकलवर बसायचं, आणि सायकल टाकून पळायचं. मध्ये विश्रांती नाही. त्यासाठी सायकलही वेगळी असते. समोरच्या दांडीवर कोपरं टेकवायला दोन छोट्या गाद्या असतात; त्यांवर कोपरं ठेवून, मान खाली घालून, वारा अंगावरून निसटून जाईल असं वाकून चालवायचं. नवी घेणं सिस्टरच्या पगारात बसणारं नव्हतं. ती जुनी शोधायला लागली, आणि तिला पियुष भेटला.

पियुष चांदूर बाजारजवळच्या एका खेड्यातला. पंचविशीचा, उंच, पाय काडीसारखे वाटावेत पण दोरीसारखे पिळदार. पुण्यात नोकरी करता करता त्याने या शर्यती केल्या होत्या. कंपनी बंद पडली आणि तो गावी आला. सायकलही बसच्या टपावर टाकून आणली. गावात तिला रस्ता नव्हता आणि त्याला काम नव्हतं. पुण्याला पोहण्याचे कोच तयार करणारा एक वर्ग होता. ऑगस्टअखेर त्याची तुकडी सुरू व्हायची होती. सायकल विकायची, फी भरायची आणि परत जायचं, एवढाच त्याचा बेत.

त्याने सायकलवरची चादर काढली तेव्हा अफसाना बघतच राहिली. काळी, कार्बनची, उचलली तर तान्ह्या पोरासारखी हलकी. तिने हात फिरवला आणि म्हणाली, "मी घेते."

पियुष हसला. "तशी नोका घेऊ ताई. पयले फिटिंग करून घ्या. तुमच्या अंगाचं माप घेतेत अन् मंग कोणती सायकल बसन ते सांगतेत. अकोल्याले एक मॅडम हायेत, त्या करतेत. मी सायकल घिऊन येतो तिथं."

म्हणजे फिटिंगचं त्यानेच सुचवलं. पुढे अफसानाला हे वारंवार आठवायचं.

अकोल्याची इफ्फत फिजिओथेरपिस्ट होती. तिच्याकडे येणारे बहुतेक कंबर धरलेले हमाल, कापूस वेचून पाठ आखडलेल्या बाया. पुण्याला जाऊन तिने सायकलच्या फिटिंगचं शिक्षण घेतलं होतं आणि हौसेने सगळं सामान आणलं होतं, पण अकोल्यात त्यासाठी येणार कोण? खिडकीशी ठेवलेल्या त्या फिटिंगच्या सायकलवर टॉवेल वाळत घातलेले होते. अफसाना आली तेव्हा इफ्फतने ते लगबगीने काढले.

"बाजी, लोक आधी सायकल घेतात आणि मग दुखतं म्हणून माझ्याकडे येतात," थोरल्या बहिणीला म्हणावं तसं बाजी म्हणत ती बोलली. "तुम्ही पहिल्या, घ्यायच्या आधी आलेल्या."

फिटिंगची ती सायकल म्हणजे नुसता सांगाडा. चाकं नाहीत, पण सीट, हँडल, पायडलची दांडी, सगळं वर-खाली, मागं-पुढं सरकतं. इफ्फतने आधी अफसानाला पलंगावर झोपवून पाय वाकवून पाहिले, कंबर किती वळते ते पाहिलं. मग घोटा, गुडघा, खुबा, खांदा आणि कोपर यांवर ठिपके चिकटवले, बाजूला कॅमेरा लावला आणि पायडल मारायला सांगितलं. मारता मारताच ती एकेक गोष्ट सरकवत होती. सीट थोडी वर. हँडल जवळ. अजून जवळ.

"इथं?"

"मान ओढल्यासारखी होते."

"आणि आता?"

"आता बरं आहे." आणि खरंच बरं होतं. अफसानाला वाटलं, कुणीतरी तिला हातावर झेलून धरलंय.

"पेशंट उचलून उचलून तुमच्या पाठीची उजवी बाजू आखडलीय," इफ्फत म्हणाली. "तुम्हाला फार खाली वाकता येणार नाही. फार लांब हात करता येणार नाहीत. पायडलची दांडीही आखूड लागेल, म्हणजे गुडघा पोटाशी येणार नाही." तिने दोन मापं काढली: पायडलच्या कण्यापासून पुढची चौकट किती उंच हवी आणि किती लांब. "बाजारात कुठलीही जुनी सायकल दिसू द्या, ही दोन मापं जुळली तर बघायची. नाहीतर कितीही देखणी असली तरी पुढं जायचं."

तेवढ्यात पियुष सायकल घेऊन जिना चढून आला. पहाटे निघून, अमरावती मागे टाकून त्या सायकलवरूनच आला होता. इफ्फतने टेप लावला. मग तिने हँडल धरणारी पुढची दांडी काढून सर्वांत आखूड दांडी लावली, सीट शेवटापर्यंत पुढे घेतली, कोपरांच्या गाद्या मागे ओढल्या. अफसाना बसली. पाय पोचत होते. पण कोपरं टेकवली की खांदे कानांना लागत आणि पोटाखालून एक कळ पाठीत चढे.

"मी सवय करीन," अफसाना म्हणाली.

"बाजी, दांडी बदलता येते. चौकट कापून आखूड करता येत नाही. यावर तुम्ही घटकाभर बसाल. शर्यतीत दोन-तीन तास बसायचंय, आणि मग पळायचंय."

अफसानाने पियुषकडे पाहिलं. त्याने म्हटलं असतं, की होते सवय ताई, मलेबी त्रास झाला होता, तर तिने घेतली असती. हे तिला पक्कं माहीत होतं. आणि त्यालाही माहीत असावं, कारण त्याने उत्तराला वेळ लावला.

"मॅडम बरोबर म्हणून राह्यल्या," तो शेवटी म्हणाला. "हे चौकट माह्या मापाची हाये. तुमाले मोठी होते."

"तुझ्या पुण्याचं?"

"पाहू ना. अजून येईन कोनी."

खाली तिघांनी उभ्या उभ्या चहा घेतला. इफ्फतने त्याच्याकडून पैसे घेतले नाहीत. त्याने दांडी पूर्वीसारखी करून घेतली आणि निघाला. अफसाना एसटीत बसली. मूर्तिजापूरच्या पुढे खिडकीतून तो दिसला. पाठ सपाट, मान खाली, कोपरं जुळलेली, आणि पाय असे फिरत होते की वरचं अंग हलतच नव्हतं. सायकल आणि माणूस वेगळे दिसत नव्हते. बस पुढे गेली. तिला वाईट वाटलं, पण ते सायकल हातची गेल्याचं. त्याच्याबद्दल तिच्या मनात त्या वेळी काही आलं नाही.

ऑगस्टात इफ्फतच्या ओळखीने नाशिकच्या एका बाईची जुनी सायकल मिळाली. अॅल्युमिनियमची, रंग मळकट निळा, नळीवर ओरखडे. मापं जुळत होती. इफ्फतने पायडलच्या आखूड दांड्या बसवून दिल्या. तिच्यावर बसल्यावर मान, पाठ, हात, काही दुखत नव्हतं. फारुखने कोपरांच्या गाद्यांचा जुना फोम काढून नवा भरला आणि म्हणाला, "ये अच्छी है. पण दिसायला कंडम आहे." ती हसली. पियुषला तिने फोन करून सांगितलं. तो म्हणाला, "बरं झालं ताई." त्याची विकली गेली का, हे तिने विचारलं. तो म्हणाला, "नाई अजून."

त्या वर्षी पाऊस मागेपुढे झाला आणि कपाशी नको तितकी वाढली. माणूस आत शिरला तर दिसेना. बोंडअळी आली. जो तो औषध फवारत होता, एकात दुसरं मिसळून फवारत होता. कपाशी डोक्याच्या वर, म्हणून नळी वर धरून मारायचं, आणि ते तोंडावर पडायचं. सप्टेंबरपासून वॉर्डात खाटा पुरेनात. पेपरात येऊ लागलं तोवर अफसानाला सवयही झाली होती: घामाने निथळणारी माणसं, तोंडातून फेस, बाहुल्या मोहरीएवढ्या झालेल्या, आणि एकच तक्रार, सिस्टर, दिसत नाई.

ऑक्टोबरात एका दुपारी असाच एकाला आणला. गावातल्या लोकांनी गाडीत घालून आणला होता. कपडे औषधाने तसेच ओले. असे कपडे आधी उतरवायचे असतात, कातडीतूनही विष जातं. अफसानाने कात्री घेऊन पँट वरपर्यंत कापली. मांडीच्या मधोमध, दोन्ही पायांवर, उन्हाची रेघ होती. वर गोरं, खाली रापलेलं. सायकलची तोकडी चड्डी वर्षानुवर्षं घालून पडते तशी. तिच्या स्वतःच्या मांडीवर तशीच होती.

तेव्हा तिने चेहऱ्याकडे पाहिलं.

हात थांबले नाहीत. साबणाच्या पाण्याने अंग पुसलं, सुई लावली, डॉक्टर सांगत होते तसं औषध देत गेली. पण ते सगळं कुणीतरी दुसरीच करत होती असं तिला वाटत होतं. रात्रपाळीच्या सिस्टरच्या हाती देऊन ती घरी गेली, आणि सकाळी ड्युटीच्या आधीच परत आली. सुईतून दिलेल्या औषधाच्या अंमलात पियुष बडबडत होता. पाणी थंड हाये म्हणे, उडी मारू नोका.

व्हरांड्यात त्याची आई बसली होती. दुर्गाबाई. अफसानाने तिला चहा आणून दिला. बाईने तो हातात धरून ठेवला.

"फवारणीवाला गडी आला नाई," ती सांगू लागली. "याचा बाप म्हणे राहू दे. हाच म्हणे, मी मारतो, रिकामाच बसून तं हावो. बाई, हा इथं राह्यलाच नसता. पुण्याले जाणार होता. सायकल इकून जाणार होता. अमरावतीची एक बाई घेतो म्हणे, अन् मंग नाई म्हणे. तिनं घेतली असती तं पोट्टा कधीचाच गेला असता."

"चहा घ्या, निवतो," एवढंच अफसाना म्हणाली, आणि वॉर्डात निघून गेली.

पियुष वाचला. शुद्धीवर आला, दिसायला लागलं, खाऊ लागला. अफसानाला पाहून म्हणाला, "ताई, तुमच्याच इथं आलो का मी?" घरी गेला तेव्हा वॉर्डातल्या सगळ्यांना बरं वाटलं, कारण त्या आठवड्यात घरी गेलेले थोडेच होते.

तीनेक आठवड्यांनी तो तपासणीला परत आला. पोटऱ्यांत मुंग्या येत होत्या, चालताना चप्पल पायातून निसटत होती. पाऊल उचललं जात नव्हतं. जमिनीवर घासत येत होतं. डॉक्टर म्हणाले, त्या विषाने कधी कधी मागाहून नसा जातात. येतील परत. हळूहळू. पूर्ण येतील असं नाही.

त्या दिवशी अफसानाने फारुखला सगळं सांगितलं. तो दुकानात रजईला टाके घालत होता. सुई थांबवून त्याने ऐकलं.

"तुझी चूक नाही," तो म्हणाला.

"माहीत आहे."

"मग?"

"माहीत असून काय होतं?"

रविवारी फारुख दुकान बंद ठेवून तिच्याबरोबर चांदूर बाजारच्या गाडीत बसला.

पियुष ओसरीत खाटेवर बसला होता. सायकल आत भिंतीला टेकलेली, चादरीखाली. अफसानाने वाटेत जुळवलेलं वाक्य एका दमात म्हटलं, की ती सायकल मी घेते, मला दुसरीही लागेल, कुणाला तरी देईन.

पियुषने आपल्या पावलांकडे पाहिलं. "तवा नाई घेतली ते बरोबर होतं ताई. आता घेसान तं ते चूक होईन. मापाची नाई ते तुमच्या."

दुर्गाबाई दारात पदर खोचून उभी होती. तिला काही कळेना. पियुषने मान वळवली. "आई, सायकल घेणाऱ्या त्या बाई याच."

अफसानाला वाटलं, बाई आता शिव्या देईल. द्यावी असंही वाटलं. दुर्गाबाई आत गेली. चुलीवर भांडं ठेवल्याचा आवाज आला. चहा आला, पण तो पियुषचा बाप घेऊन आला. दुर्गाबाई ते निघेपर्यंत बाहेर आली नाही.

एक गोष्ट मात्र पियुषने मान्य केली. इफ्फतकडे व्यायामाला जायचं. अकोल्याला त्याची मावशी होती, तिच्याकडे राहून तो जाऊ लागला. इफ्फतने पावलांना खालून आधार देणारे पट्टे करून दिले, आणि काही आठवड्यांनी त्याला त्याच खिडकीजवळच्या फिटिंगच्या सायकलवर बसवलं, पाऊल पायडलला बांधून. मांड्या जोर लावायच्या. घोटा मेल्यासारखा नुसता बरोबर फिरायचा. पहिल्या दिवशी तो उतरला आणि म्हणाला, पुन्हा नको. दुसऱ्या दिवशी आला आणि न बोलता बसला. इफ्फतने अफसानाला फोनवर हे सांगितलं.

जानेवारीत अफसाना नागपूरकडच्या त्या शर्यतीला गेली. जाऊ नये असं मनात होतं. पियुष फोन करून रागावला तेव्हा गेली. पोहली. सायकलवर बसली. निळी सायकल जशी चालायला हवी तशी चालली, पाठीने एकदाही हाक मारली नाही. थोडंसं जरी दुखलं असतं, तरी तिला बरं वाटलं असतं. पळताना शेवटी शेवटी ती चाललीच. बायकांत शेवटून दुसरी आली. गळ्यात पदक घातलं ते तिने गाडीत बसल्यावर काढून पिशवीत टाकलं.

वर्षभराने पियुषचं डावं पाऊल बरंचसं उचललं जाऊ लागलं. उजवं नाही. चांदूर बाजारात मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात त्याने बसून करायचं काम धरलं. काळी सायकल एका डॉक्टरच्या मुलाने घेतली. उंच होता, फिटिंग न करताच बसली त्याला. पैसे औषधपाण्यात गेले. पुण्याचं नाव पियुष काढत नाही, आणि अफसानाही काढत नाही. तिने वॉर्ड बदलून घ्यायचा अर्ज दोनदा लिहिला आणि दोन्ही वेळा दिला नाही.

पुढच्या पावसाळ्यात पुन्हा कपाशी उभी राहिली. एका दुपारी ड्युटीवर असताना तिला अनोळखी नंबरावरून फोन आला.

"सिस्टर, मी दुर्गाबाई. पियुषची माय." बाईला धाप लागली होती. "शेजारचा डोमाजी फवारता फवारता पडला वावरात. उलट्या करून राह्यला. काय करू?"

अफसाना उभी राहिली. "आधी त्याचे कपडे काढा. सगळे. साबण लावून अंग धुवा, केस बी धुवा. तुमच्या हाताले लागू देऊ नका. अन् औषधाची बाटली संगं आना. निघा लगेच."

"निघतो," दुर्गाबाई म्हणाली. पण तिने फोन ठेवला नाही. "तुमी असान न तिथं?"

"आहे मी."

गाडी आली तेव्हा डोमाजी लुंगीत गुंडाळलेला होता, केस ओले, आणि त्याच्या डोक्याशी बाटली पदरात बांधून दुर्गाबाई बसली होती. अफसानाने हात पुढे केला. बाईने गाठ सोडून बाटली तिच्या हातात दिली आणि स्ट्रेचरच्या मागे मागे वॉर्डाच्या दारापर्यंत चालत आली.